ग्रंथ सर्वांचे केव्हा होतात?

वाटेगावच्या मातीत जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ संस्थेने स्वतः छापून वसतिगृहातील मुलामुलींना वाटावी, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांकडून वारंवार येते. हेतू निर्मळ आहे. तरीही आम्हांला ‘थोडे थांबा’ असेच सांगावे लागते.

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. १९५७ च्या कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली. अण्णा भाऊंचे निधन १८ जुलै १९६९ चे. म्हणजे ‘फकिरा’ १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल. बाबासाहेबांनी हयातीत प्रकाशित केलेले ग्रंथ मात्र १ जानेवारी २०१७ पासूनच सर्वांचे झाले आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चा मूळ इंग्रजी ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये निघाला, तेथे गणना प्रकाशनापासून होते, म्हणून तो वर्षभराने मागे. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा आणि निराळा असतो. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून त्याचा कोणताही मराठी अनुवाद छापावा, हा समज आपल्याकडे फार आहे आणि तो चुकीचा आहे.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी हिशेब आणखी वेगळा. कॅनडात २०२२ अखेरपर्यंत मुदत ५० वर्षांचीच होती. त्यामुळे ‘फकिरा’ तेथे २०२० लाच मुक्त झाली. पुढे ती मुदत ७० वर्षे झाली, पण मुक्त झालेले ग्रंथ पुन्हा बांधले गेले नाहीत. अमेरिकेत अशा जुन्या पुस्तकांची मोजणी प्रकाशनापासून ९५ वर्षे चालते. म्हणून १९३६ चे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे मूळ इंग्रजी भाषण तेथे २०३१ अखेरपर्यंत, तर १९५९ ची ‘फकिरा’ २०५४ अखेरपर्यंत बंधनात राहील. टोरांटोत मोकळेपणी छापता येणारी कादंबरी वाटेगावात छापता येत नाही!

ज्ञानाची दारे ज्यांना शतकानुशतके बंद होती, त्यांना हा अडसर खुपतो, हे आम्ही जाणतो. पण घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून ज्याने लिहिले, त्याच्या श्रमाचा मोबदला आपणच बुडवावा काय? तोवर ग्रंथालयासाठी प्रती विकत घ्याव्यात. शिवाय शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत, विद्यार्थी व पालकांपुढे एखाद्या साहित्यकृतीचे वाचन वा नाट्यप्रयोग करण्यास कायद्याची मुभा आहे. त्यासाठी २०३० ची वाट पाहण्याचे कारण नाही.