शेरूला फिट का आली?

कुत्र्याला फिट येते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. माणसाच्या फेफऱ्याविषयी निदान ऐकलेले तरी असते. एस.टी. स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात कुणीतरी आडवे झालेले आणि भोवती गर्दी जमलेली आपण केव्हातरी पाहिलेली असते. पण काल संध्याकाळपर्यंत चेंडूमागे धावणारे घरातले कुत्रे पहाटे चार वाजता फरशीवर एका कुशीवर पडते, चारी पाय ताठ करते, मग आडव्याआडवेच पळत असल्यासारखे ते पाय झाडू लागते, दातांवर दात आपटते, तोंडाला फेस येतो, लघवी होते, डोळे उघडे असतात आणि आपली हाक मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे ज्याने पाहिलेले नाही त्याला सांगून कळत नाही. ज्याने पाहिले त्याला त्या क्षणी एकच वाटते, संपले.

आमचा शेरू लॅब्रॅडोर. तेव्हा वय तीन वर्षे. ती फिट दीड मिनिटाची होती, हे आम्हाला फक्त भिंतीवरच्या घड्याळामुळे कळले. घरातल्या कुणालाही विचारले असते तर त्याने पंधरा मिनिटे सांगितली असती. नंतरचा अर्धा तास अधिक विचित्र होता. शेरू उठला, पण आम्हाला ओळखेना. भिंतीवर आपटत, खुर्च्यांना धडकत घरभर फिरत राहिला. मग एकाएकी पाण्याचे भांडे रिकामे केले आणि पोळ्यांच्या डब्यासमोर जाऊन बसला.

दहा वाजता दवाखाना उघडला तेव्हा टेबलावर उभा होता तो शेपटी हलवणारा, ठणठणीत कुत्रा. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, चालवून पाहिले, रक्त घेतले. साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड सगळे जिथल्या तिथे. "काही सापडत नाही," डॉक्टर म्हणाले. हे एवढे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो.

खरी पंचाईत इथून पुढे सुरू होते. डॉक्टरांना कारण सापडत नसले तरी घरात ते प्रत्येकाला सापडते. आजीने कालनिर्णय पाहून कालच अमावास्या झाल्याचे सांगितले. घरातून नव्या खाद्याच्या पोत्यावर संशय आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, लगेच कांदा फोडून नाकाशी धरायला हवा होता, नाहीतर चप्पल हुंगवायची. (चपलेने फिट थांबत नाही, ती आपोआप थांबायच्या बेतात असते. कांद्याचे म्हणाल तर तो कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा तो घरात असतो त्या टोपलीतच बरा.) खालच्या वॉचमनने एकाच शब्दात निकाल लावला, "पिसाळला."

बोलला नाही तो फक्त आमचा बारा वर्षांचा मुलगा. दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठत होता. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने विचारले, "महिन्यापूर्वी माझा टेनिस बॉल त्याच्या डोक्याला लागला होता. त्याने तर नाही ना झालं?"

कारण माहीत नसणे माणसाला सोसत नाही. मग ते ग्रहताऱ्यांवर, शेजाऱ्यांवर, नाहीतर स्वतःवर ढकलले जाते. अपस्माराच्या बाबतीत तर हे फार जुने आहे. अपस्मार हा शब्द आयुर्वेदाचा. स्मृती जाते तो आजार. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. तिकडे ग्रीसमध्ये या रोगाला पवित्र रोग म्हणत, म्हणजे देवाच्या कोपाचा. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाने त्याला हरकत घेतली. हा रोग इतर रोगांइतकाच पवित्र किंवा अपवित्र आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्यात म्हटले आहे. पुरावा कुठला दिला असेल? शेळ्यांचा. शेळ्यांनाही हा रोग होतो. अशा शेळीचे डोके उघडून पाहा, दोष मेंदूतच दिसेल आणि देवाचा संबंध नाही हे कळेल, असा तो युक्तिवाद आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाच्या डोक्यावरचा शाप उतरवायला एक जनावर साक्षीला आले होते, हे मला वाचताना फार बरे वाटले.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. त्यातल्या पुष्कळशा एकदम, एकाच वेळी, ताळतंत्र सोडून बोलू लागल्या की फिट येते. असे व्हायला मेंदूबाहेरचे निमित्त असू शकते. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीच्या रक्तातले कॅल्शियम उतरते, लहान पिल्लाची साखर उतरते, यकृत बिघडते. विषबाधा होते: उंदराचे औषध, गोचिडांसाठी आणलेले आणि अंदाजाने ओतलेले औषध, बिनसाखरेच्या च्युइंगममधले झायलिटॉल. किंवा दोष मेंदूतच असतो: गाठ, सूज, लस न दिलेल्या पिल्लांना होणारा डिस्टेंपर. डॉक्टर रक्त तपासतात, घरात काय काय ठेवता म्हणून खोदून विचारतात, ते हे एकेक निमित्त वगळण्यासाठी.

आणि सगळे वगळून झाले की जे उरते त्याला इडिओपॅथिक एपिलेप्सी म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अर्थ एवढाच की दाखवता येईल असे कारण नाही. पण म्हणून तो डॉक्टरांनी झटकलेला हात नव्हे. त्याला ठरलेल्या खुणा आहेत. पशुवैद्यकातल्या मेंदूतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली त्या एकमताने लिहून काढल्या. चोवीस तासांहून जास्त अंतराने, निमित्त नसताना, किमान दोन फिट्स; पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षे या वयात; मधल्या काळात कुत्रे चालण्या-वागण्यात अगदी नेहमीसारखे; आणि रक्त-लघवी निर्दोष. या चौकटीत बसणाऱ्या कुत्र्याचे एमआरआय बहुधा स्वच्छ येते. चौकटीबाहेरचे असेल, म्हणजे आठ वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदाच फिट आली किंवा फिट गेल्यावरही ते एका बाजूला कलत राहिले, तर मात्र एमआरआयचा विचार करावाच लागतो. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, बीगल अशा काही जातींत हा आजार घराण्यातून येताना दिसतो. म्हणून अशा कुत्र्यापासून पिल्ले घेऊ नयेत.

टेनिस बॉलचा प्रश्न डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून सोडवला. डोक्याच्या माराने फिट येऊ शकते, पण तो मार गाडीखाली सापडण्याचा, कवटीला इजा करणारा, कुत्रे तिथेच बेशुद्ध पडेल असा. "बॉल लागल्यावर शेरूने काय केलं?" त्यांनी विचारले. "बॉल घेऊन पळाला," मुलगा म्हणाला. "मग झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात काम दिले. एक वही कर. तारीख, वेळ, घड्याळ लावून किती मिनिटे, आधी काय करत होता, कुठला पाय आधी हलला, नंतर किती वेळ गोंधळलेला होता, सगळे लिही. आणि मोबाइलवर चित्रण कर.

पशुवैद्याची अडचण आपण लक्षात घेत नाही. त्याचा रोगी बोलत नाही आणि फिट त्याच्या टेबलावर सहसा येत नाही. ती येते पहाटे, कुत्रे झोपेत किंवा विश्रांतीत असताना. हृदयाच्या दोषाने आलेली भोवळ, म्हाताऱ्या कुत्र्याचा कानातून गेलेला तोल आणि खरी फिट, सांगताना सगळे एकच वाटते: "पडला आणि पाय झाडले." मिनिटभराच्या चित्रणात डॉक्टरांना जे दिसते ते आपल्या तासाभराच्या वर्णनात नसते.

वॉचमनच्या शब्दाचा मात्र बंदोबस्त लवकर करावा लागला, कारण तो चार दिवसांत सोसायटीभर झाला. सेक्रेटरी सज्जन गृहस्थ, पण वर येऊन म्हणाले, "लहान मुलं खेळतात खाली, तुम्ही काहीतरी सोय बघा." त्यांना दोष देता येत नाही. आपल्या देशात रेबीजची भीती खोटी नाही आणि रेबीजमध्येही झटके येऊ शकतात. पण रेबीज येऊन जात नाही. वागणे बदलते, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, जबडा लोंबतो, हे सगळे वाढतच जाते आणि कुत्रे बहुधा दहा दिवसांच्या आत मरते. फिट आलेले कुत्रे तासाभराने पोळी मागते. शेरूचे लसीकरणाचे पुस्तक आणि डॉक्टरांचे पत्र आम्ही कमिटीपुढे ठेवले, विषय मिटला. रस्त्यावरच्या, लस माहीत नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही घरगुती पारख करू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

दुसरी फिट तेविसाव्या दिवशी आली. या वेळी घरात धावपळ झाली नाही. टेबल सरकवले, डोक्याखाली उशी सारली, दिवा मंद केला, पंखा लावला. तोंडात हात कुणी घातला नाही. कुत्रे जीभ गिळत नाही. शुद्धीवर नसलेला जबडा मात्र मालकाचे बोट ओळखत नाही. पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. मुलगा घड्याळाकडे पाहत मोठ्याने सेकंद मोजत होता, आवाज कापत होता, पण मोजत होता. पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, किंवा चोवीस तासांत दोन आल्या, तर वेळ न दवडता दवाखाना, मग रात्र असो वा दिवस. लांबलेल्या फिटमध्ये अंग इतके तापते की मेंदूला इजा होते. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवावा.

सहा महिन्यांत दोन फिट्स झाल्या म्हणजे औषधाची वेळ आली. औषध जुनेच, माणसांना देतात तेच: फिनोबार्बिटोन. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरला, झोपेसाठी दिलेल्या या औषधाने रुग्णांच्या फिट्सच कमी होतात, असे आढळले. गोळी महाग नाही. महाग आहे ती शिस्त. सकाळी आठ, रात्री आठ, बहुधा जन्मभर. पहिले दोन आठवडे शेरू दारुड्यासारखा झुलत चालायचा. भूक दुप्पट झाली, तहान वाढली, रात्री दोनदा खाली न्यावे लागे. रक्तातले औषधाचे प्रमाण आणि यकृत अधूनमधून तपासावे लागते. आणि बरे वाटते म्हणून गोळी मनानेच एकदम बंद केली, तर आधीपेक्षा वाईट फिट्स उसळून येतात.

एका नातेवाइकांनी या सुमारास सुचवले की इतके सगळे करण्यापेक्षा इंजेक्शन देऊन त्याला सोडवावे, त्याचेही हाल आणि तुमचेही. मी हे डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, फिटमध्ये त्याला शुद्ध नसते, त्यामुळे आपल्याला दिसते ती वेदना बहुधा त्याला कळत नाही. हाल होतात ते नंतरच्या गोंधळात, आणि आपले. औषधाने फिट्स निम्म्यावर आल्या तरी यश समजायचे, साफ थांबतील असे वचन कुणी देऊ नये. काही कुत्र्यांना दोन औषधेही पुरत नाहीत, घरचे थकून जातात, आणि तिथे घेतलेला निर्णय चूक म्हणता येत नाही. शेरू तिथे नव्हता. त्याला महिन्याकाठी दीड-दोन मिनिटे फिट येत होती. बाकीचा सगळा महिना तो लॅब्रॅडोर होता.

औषध सुरू होऊन आता चौदा महिने झाले. या काळात तीन फिट्स आल्या. लग्नाला जायचे तर कुणीतरी एक मागे राहतो. आठच्या गोळीसाठी घरातल्या मोठ्या माणसांच्या पाळ्या लागल्या आहेत आणि त्यावरून वादही होतात.

गेल्या महिन्यात मुलाने वहीतल्या पाचही तारखा काढल्या आणि आजीकडून कालनिर्णय मागून घेतले. गेल्या वर्षीचेही ती टाकत नाही. पहिली अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची, हे खरे होते. दुसरी वद्य नवमीची निघाली. मग एक दशमीला, एक संकष्टीला आणि शेवटची पौर्णिमेला. आजीने चष्मा लावून सगळ्या तारखांवरून बोट फिरवले. "पौर्णिमाही आहे की," एवढेच म्हणाली. मग कालनिर्णय खिळ्याला अडकवून तिने शेरूची आठची गोळी पोळीत गुंडाळायला घेतली.