योरुबांचा रामराम

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिन देशात मिळून चार कोटींहून अधिक लोक योरुबा भाषा बोलतात. लागोस आणि इबादान ही त्यांची मोठी शहरे. तेथे नोकरी-व्यापारानिमित्त जाणारा भारतीय चार शब्द पाठ करू लागतो: सकाळी 'ॲ काऽरॉ', दुपारी 'ॲ कासां', सायंकाळी 'ॲ कूरॉलॅ', रात्री 'ॲ कालॅ'. एवढ्यावर त्याचे निभते. पण त्याला अभिवादन करता येते, असे योरुबा माणूस म्हणणार नाही.

कारण तेथे नुसते घड्याळ पाहून चालत नाही, समोरचा माणूस काय करीत आहे हे पाहावे लागते. कोणी कामात गुंतलेला असेल, तर 'ॲ कू इशॅ'. 'इशॅ' म्हणजे काम. मंडळी निवांत बसलेली असतील, तर 'ॲ कू इजोको'; 'इजोको' म्हणजे बसणे. बाहेरून आलेल्याने घरच्यांना 'ॲ कू इले' म्हणावयाचे, घरच्यांनी त्याला 'ॲ काबॉ'. 'कू' या शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द नाही; परंतु त्याच्यापुढे प्रसंगाचे नाव ठेवले की अभिवादन सिद्ध होते. पाऊस, थंडी, प्रवास, बाजार, शोक, कशालाही ते लागू पडते.

यांतील सर्वांत अर्थपूर्ण अभिवादन बाळंतिणीसाठी आहे: 'ॲ कू एवू ऑमॉ'. 'ऑमॉ' म्हणजे मूल आणि 'एवू' म्हणजे संकट. मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी ती जिवावरच्या प्रसंगातून सुखरूप सुटली, याची दखल घेतली जाते. बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण ज्या देशांत आजही फार मोठे आहे, त्यांत नायजेरियाची गणना होते. त्यामुळे हा शब्द तेथे केवळ उपचाराचा राहिलेला नाही.

आरंभीचा 'ॲ' म्हणजे आपले आदरार्थी 'तुम्ही'. त्याचा उच्चार मराठी 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधला. बरोबरीच्या वा लहान माणसाला नुसते 'काऽरॉ' पुरते. वडीलधाऱ्यांपुढे मात्र 'ॲ' गळला तर तो उद्धटपणा ठरतो. 'अरे' आणि 'अहो' यांत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. अभिवादनाचा आरंभ धाकट्याने करावयाचा. मुलाने जमिनीवर पालथे पडावे, मुलीने गुडघे टेकावेत, ही जुनी रीत. शहरांत पुष्कळदा किंचित वाकण्यावर भागते.

खरी अडचण सुरांची. या भाषेत उंच, मधला व खालचा असे तीन सूर आहेत आणि सुराबरोबर अर्थ पालटतो. 'ऑकॉ' हा शब्द सुरांप्रमाणे नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतो! तेव्हा ही अभिवादने कागदावरून न शिकता कानांनीच शिकावीत. वर दिलेली देवनागरी अक्षरे केवळ दिशा दाखवतात.

रस्त्यात कोणी ठेचाळला, तर पाहणारा चटकन 'पॅलॅ' म्हणतो. वडीलधाऱ्यांना 'ॲ पॅलॅ'. नायजेरियन माणूस इंग्रजी बोलतानाही त्याच ठिकाणी 'सॉरी' म्हणतो. परदेशी पाहुणा मग गोंधळतो: याने तर धक्का दिला नव्हता, मग क्षमा कशाची? ती क्षमायाचना नसतेच. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला कळले, एवढेच त्यात सांगावयाचे असते.

निरोपाचा शब्द 'ओ दाबॉ'. त्याचा शब्दशः अर्थ 'परत येईपर्यंत'. उंबरठ्यावर 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्याला तो एकदाच सांगितला तरी पुरे.