रान ओळखा, मग जागलीला बसा



ताडोबा, नागझिरा, पेंच या बाजूच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. "पलीकडच्या गावाला एवढं दाट जंगल, तरी तिथं चितळांचा त्रास कमी. आमचं रान विरळ, तरी हरभरा हाती लागत नाही. असं का?"

याचे उत्तर रानातच आहे. चितळ मुख्यतः गवतावर जगते, आणि गवताला ऊन लागते. झाडांच्या माथ्यांचा मांडव जुळला की खाली सावली पडते, गवत खुरटते. त्यामुळे 'जितके दाट रान तितकी हरणे' हा हिशेब चितळाच्या बाबतीत चुकतो. त्याला चरायला मोकळी जागा, लगेच लपायला झाडोरा आणि जवळ पाणी, असे तिन्ही लागते. पाणी तर जवळजवळ रोजचे. हे सारे रानाच्या कडेला मिळते, आणि तिथेच आपला धुरा असतो!

सांबराचे निराळे. ते दाट, डोंगराळ रानात रमते. गवताबरोबर पाला, बांबू, फळेही खाते, पण त्याचे मोठे कळप सहसा दिसत नाहीत. भेकर तर बहुधा एकटेच, झुडपांच्या आडोशाला असते.

आता झाडांच्या जातीकडे बघा. नुसत्या सागाच्या लागवडीत पहिली काही वर्षे ऊन असते, गवत असते, चितळ येते. पुढे मांडव जुळला की चारा कमी होतो. सागाचा पाला तर आपली गुरेसुद्धा सहसा खात नाहीत. मिश्र रानात मात्र मोह, बेहडा, आवळा, बोर असतात. भर उन्हाळ्यात गवत वाळले तरी मोहफुले खाली पडतात. वर वानरे बसली असली तर तीही पाला-फळे टाकतात, आणि चितळे खाली उभी राहून वेचतात. अशा रानात कळप जास्त दिवस टिकतो.

रानात घाणेरी, म्हणजे आपली रायमुनिया, माजली की गवत मरते. जनावराला लपायला जागा उरते, खायला नाही. मग ते कुठे जाणार, हे सांगायला नको.

ताडोब्यातली नवेगाव आणि जामणी ही गावे २०१० नंतरच्या दशकात बाहेर वसवली गेली. त्यांच्या जुन्या वावरांत गवत वाढले आणि तिथे चितळांचे कळप चरू लागले. झाडे तीच, फक्त मोकळे गवत मिळाले.

तेव्हा पेरणीआधी आपल्या शिवेवरचे रान एकदा फिरून पाहा. शेजारची कूप नुकतीच तुटली असेल तर नवे फुटवे आणि गवत येणार. पुढची काही वर्षे त्याच बाजूला जागल जास्त ठेवा. त्या कडेच्या पट्ट्यात हरभरा-तूर टाळून हळद किंवा एरंडी घेता येते का पाहा. चितळ त्यांना सहसा तोंड लावत नाही. धुऱ्यावरची आपल्या हद्दीतली झुडपे काढा, म्हणजे जनावर आडोशाने आत येणार नाही. जागल चार-पाच शेजाऱ्यांनी पाळीपाळीने केली तर झोपही होते.

कुंपणात विजेचा चालू प्रवाह मात्र सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेला आपलीच माणसे चिकटून मेली आहेत. नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे अर्ज द्या, आणि पंचनामा होईपर्यंत ते वावर नांगरू नका.