टीसीएलची पिशवी

मैत्रिणींनो, विहिरीत टीसीएल पावडर टाकली की आपण नाक मुरडतो. ‘पाण्याला औषधाचा वास येतो, चहाची चवच गेली,’ ही तक्रार बचत गटाच्या बैठकीत मी किती वेळा ऐकली असेल! पण २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. पाणी ओसरल्यावर घरोघरी पहिली विचारणा झाली ती याच पावडरीची.

ही आहे तरी काय? आपल्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचीच बहीण. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती करतात. चुन्यातला ऑक्सिजन तिच्यातही असतो. पाणी म्हणजे दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन, हे आपण शाळेत घोकलंय. टीसीएल पाण्यात पडली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, म्हणजे पाण्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आला असं समजा. एवढ्याशा बदलाने जंतू मरतात.

आपला भरवसा मात्र तुरटीवर. तुरटीतही ऑक्सिजन आहे, पण तिचं काम गाळ खाली बसवण्याचं. हंड्याचा तळ स्वच्छ दिसला म्हणून जंतू गेले असं नाही. गढूळ पाण्यात निम्मी टीसीएल चिखलातच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल.

चांगल्या पावडरीचं माप साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची आणि तासभर पाणी भरायचं नाही. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचा आधी उपसा करावा लागतो, तिथे मात्राही जास्त. ती आरोग्य सेवकाला विचारूनच.

‘चांगली पावडर’ म्हटलं ते उगाच नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, मीठसुद्धा पाणी सोडतं. दमट हवेत उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. मग विहिरीत किलोभर ओता, उपयोग शून्य! ग्रामपंचायतीत गेलात तर पिशवी कुठे आणि कशी ठेवलीय ते जरूर बघा. पाण्यात ओटीचे थेंब टाकून जलसुरक्षकाला तपासायला सांगा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. विचारायला लाजायचं कशाला?

आणि एक. पुरानंतर एका घरात फरशीवरचा चिखल निघेना, म्हणून आधी ॲसिड ओतलं, त्यावरच टीसीएल भुरभुरली. घरातली बाई खोकत, डोळे चोळत अंगणात धावली. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसं जाळतो. संडास-बाथरूम धुतानाही हेच. एक वापरलं की जागा भरपूर पाण्याने धुवायची, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. दुसरं त्या दिवशी नकोच.