तळावरून घरी

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत चाललेल्या यादवी युद्धाची ओळख मुंबईला झाली ती कापसाच्या भावावरून. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा होताच मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला, आणि युद्ध थांबताच तो तितक्याच वेगाने ओसरला. परंतु ज्या घरांतून तरुण माणसे त्या युद्धावर गेली, त्या घरांना युद्ध कळले ते पत्रांतून. सहा लक्षांहून अधिक सैनिक त्यात मृत्युमुखी पडले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गोळीने नव्हे, तर अतिसार, विषमज्वर अशा रोगांनी. या साऱ्याची हकीकत, ज्यांच्यावर ती गुदरली त्यांनीच घरी लिहून ठेवली आहे.

इतकी पत्रे लिहिली जाण्यास तशीच कारणे होती. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी शेकडा ९० हून अधिक आणि दक्षिणेच्या शेकडा ८० हून अधिक साक्षर होते. उत्तरेत अर्ध्या औंसाच्या पत्राला ३ सेंटांचे तिकीट पुरत असे. सैनिकाजवळ तेही नसले, तर १८६१ च्या कायद्यान्वये पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असा शेरा व अधिकाऱ्याची सही असली की ते रवाना होई. टपालहशील घरची माणसे भरीत. पुढील महायुद्धांत सैनिकांची पत्रे उघडून तपासण्याची जी पद्धत रूढ झाली, तशी व्यवस्था तेव्हा नव्हती. त्यामुळे शिपाई मन मोकळे करून लिही: अधिकाऱ्यांची निंदा, शिध्याची रड, थकलेला पगार आणि लढाईच्या आदल्या रात्रीची भीतीही.

दक्षिणेत मात्र पत्र लिहिणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. कागद दुर्मिळ झाला. भिंतीला लावावयाच्या रंगीत कागदाची पाकिटे होऊ लागली; आलेले पाकीट उलटे करून, पुन्हा चिकटवून परत पाठविले जाई. पान भरले की ते आडवे धरून आधीच्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी लिहिल्या जात. तरीही पत्रे थांबली नाहीत.

या पत्रांत रणांगणापेक्षा घरच अधिक आहे. पेरणी केव्हा करावी, जनावर विकावे की ठेवावे, कोणाचे देणे आधी फेडावे, धाकट्याला शाळेत कधी घालावे, हे सारे तळावरून विचारले व सांगितले जाई. सैनिक झालेला शेतकरी पत्राच्या आधारे घरातील आपली कर्त्याची जागा राखू पाहत होता. या ओढीचा परिणाम सरकारी व्यवस्थेवरही झाला. १ जुलै १८६३ पासून उत्तरेच्या ४९ शहरांत टपाल घरपोच देण्यास आरंभ झाला. तोवर पत्रासाठी टपालकचेरीत खेटे घालावे लागत. १ नोव्हेंबर १८६४ रोजी मनीऑर्डर सुरू झाली, ती प्रामुख्याने सैनिकांचा पैसा घरी सुखरूप पोहोचावा म्हणून.

ज्यांना लिहिता येत नसे, किंवा जखमांमुळे हात उचलत नसे, त्यांच्यासाठी दुसरे कोणी लिही. भाऊ जखमी झाल्याचे कळून १८६२ च्या डिसेंबरात त्याच्या शोधार्थ निघालेला कवी वॉल्ट व्हिटमन पुढे वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत रमला आणि अनेक जखमी सैनिकांची पत्रे त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. मृत्यूची वार्ताही बहुधा अशाच परक्या अक्षरात येई. घरी कळविण्याची पक्की सरकारी यंत्रणा नसल्याने मृताचा सोबती किंवा परिचारिका ते कर्तव्य पार पाडी, आणि अखेरच्या क्षणी तो शांत होता, त्याने घरच्यांची आठवण काढली, हे आवर्जून लिही.

परंतु उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामीत झाला होता. दक्षिणेच्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकविणे हाच गुन्हा; मिसुरी राज्यात तर १८४७ पासून कोणाही कृष्णवर्णीयाला लिहावाचावयास शिकविण्यास बंदी होती. त्याच राज्यातील स्पॉट्सवुड राइस हा गुलाम सैन्यात शिरून स्वतंत्र झाला. त्याच्या मुली मात्र गुलामगिरीतच राहिल्या. ३ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट लुईसच्या लष्करी रुग्णालयातून त्याने मुलींना धीराचे पत्र लिहिले, की जिवाची पर्वा न करता आपण त्यांना घेऊन जाऊ. दुसरे पत्र मालकिणीला होते. मूल हे परमेश्वराने आपल्याला दिले आहे आणि ते अडवून धरण्याचा तिला अधिकार नाही, असे त्यात त्याने ठणकावले.

मालकिणीचा भाऊ गावचा पोस्टमास्तर होता. त्याने ही दोन्ही पत्रे तक्रारअर्जाला जोडून सेनापतीकडे धाडली आणि या उर्मट शिपायाला राज्याबाहेर घालवावे, अशी मागणी केली. त्या तक्रारीमुळेच पत्रे सरकारी दप्तरात जपली गेली. जानेवारी १८६५ मध्ये मिसुरी राज्याने गुलामगिरी रद्द केली.

राइसच्या पत्रांत शुद्धलेखनाचे नियम जागोजागी मोडलेले आहेत. इतर सैनिक पत्रातून घरातील आपली जागा राखीत होते. राइसला ती जागा कायद्याने कधी मिळालीच नव्हती. ज्या अक्षरांवर बंदी होती, त्याच अक्षरांत त्याने आपण बाप असल्याचे लिहून ठेवले.