दुखणी चार, वही एक



उमरेड, कुही, मौद्याकडच्या बायका नागपूरला आल्या की महालात एक चक्कर होतेच. लग्नाचा बस्ता फाडायचा असो की बडकस चौकात खरेदी असो. आणि आलोच आहोत तर म्हणून एखादा डॉक्टरही करून टाकतो. गुडघे दुखतात, दाखवून घेऊ. डोकं गरगरतं, तेही विचारून घेऊ. संध्याकाळच्या बसमध्ये मांडीवर साडीची पिशवी असते आणि तिच्यातच गोळ्यांची पुडी.

आता समजा, आपल्याच गटातली एक पन्नाशीची ताई आहे. बीपीची गोळी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते. शुगरची गोळी मुलाने शहरातल्या डॉक्टरकडून सुरू करून दिली. थायरॉइडचं निदान तिसरीकडे झालं. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून स्वतःच गोळी मागून घेते. चार दुखणी, चार जागा, चार कागद. प्रत्येक डॉक्टरला फक्त आपलाच कागद माहीत. पूर्ण हिशेब कुणाजवळच नाही.

गटाचा हिशेब आपण असा ठेवू का? बचत एका वहीत, कर्ज दुसरीच्या घरी, व्याज तिसरीच्या डोक्यात? नाही ना. मग शरीराचा हिशेबही एकाच वहीत हवा. या लेखात तेवढंच समजून घेऊ.

दुखणी वेगळी नसतात

चाळिशी-पन्नाशीत पाळी जायला लागते. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, वजन आणि रक्तदाब वाढायला लागतो. वजन वाढलं की गुडघ्यावर भार येतो. गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की शुगर वाढते. शुगर आणि बीपी दोन्ही वाढलेले राहिले की मूत्रपिंड, डोळे आणि हृदयावर ताण येतो. एकीचं भांडण दुसरीच्या चुलीपर्यंत जावं, तसं हे आहे.

त्यात रक्त कमी असणं आलंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. थकवा आला की आपण म्हणतो, वय झालं. पण थकवा रक्ताचा असू शकतो, थायरॉइडचा असू शकतो, शुगरचाही असू शकतो. तपासल्याशिवाय कळत नाही.

गोळ्या एकमेकींच्या आड येतात

हे नीट वाचा. इथेच जास्त नुकसान होतं.

अंगदुखीच्या, गुडघेदुखीच्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा करतात. म्हणजे एका हाताने बीपीची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं काम बिघडवायचं. ज्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊच नये. "एका दिवसात आराम" देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असू शकतं. त्याने आराम पडतो, पण शुगर चढते आणि हाडं आणखी ठिसूळ होतात.

थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. तिन्ही एकदम घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगाला पूर्ण लागत नाही. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका, लिंबूपाणी चालतं.

शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर तसं सांगा आणि ब१२ तपासायचं का ते विचारा.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्यामुळे रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहाची कमतरताच असेल असं नाही. सिकलसेल असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवा आकडा दाखवू शकते. म्हणून शुगरच्या डॉक्टरला आपलं सिकलसेलचं कार्ड जरूर दाखवा.

आरोग्याची वही

शंभर पानी साधी वही घ्या. लिहिता येत नसेल तर मुलगी, नातू किंवा गटाची सचिव लिहून देईल. वहीत एवढं असावं :

१. पहिल्या पानावर आपली सगळी दुखणी, ती केव्हा सुरू झाली, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे.

२. दुसऱ्या पानावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. नाव, किती, केव्हा, कुणी दिली. वैद्याचा काढा आणि मेडिकलमधून स्वतः आणलेली गोळीही लिहायची. लाजायचं नाही.

३. पुढे तारखेनुसार आकडे. बीपी १४०/९० च्या खाली असावं. मधुमेह नसलेल्यांची उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शंका असते, पुन्हा तपासून घ्यायचं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपला आकडा किती असावा हे डॉक्टरकडूनच लिहून घ्यावं.

४. वर्षातून एकदाच्या तपासण्या : लघवी आणि क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा, पायाची संवेदना, हिमोग्लोबिन, आणि थायरॉइड असेल तर टीएसएच.

५. शेवटच्या पानावर डॉक्टरला विचारायचे प्रश्न. दवाखान्यात गेलं की सुचत नाही, म्हणून आधीच लिहा. सगळ्यात मोठा त्रास पहिला लिहा.

दवाखान्यात जाताना वहीसोबत गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाकून न्या. एक डॉक्टर आपला मुख्य समजा. बाकी कुणीही नवीन गोळी दिली की मुख्य डॉक्टरला दाखवूनच पुढे चला. त्यांना एकच प्रश्न विचारा : "या सगळ्या एकत्र चालतात का? यातली कोणती कमी करता येईल?"

गावाजवळच काय मिळतं

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी गावपातळीवर व्हायला हवी, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई फॉर्म भरायला आली की "मला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. स्तनाच्या, तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच कार्यक्रमात येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नागपुरात मोठ्या तपासणीसाठी मेयो आणि मेडिकल आहे, बायकांसाठी डागा आहे.

महिन्याच्या गोळ्या गावाजवळून घेतल्या तर खंड पडत नाही. २०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या शेजारचे वर्धा आणि भंडारा जिल्हे आधीच घेतले होते. त्यात विशेष यंत्र नव्हतं. ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड, आणि जी महिन्याला आली नाही तिची चौकशी. चौकशीने बीपी आटोक्यात राहतं, हे लक्षात ठेवा.

बायका म्हणतात, "अवो ताई, आता बरं वाटून राहिलं, मंग गोळी काऊन घ्यायची?" बरं वाटतं ते गोळीमुळे. बीपी दुखत नाही, म्हणूनच ते जास्त फसवतं.

मिठाचा हिशेब

माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे सपाट एक चमचा. पाच जणांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम. मग एक किलोचा पुडा चाळीस दिवस तरी पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? पुड्यावर तारीख लिहून ठेवा, कळेल. यात पापड, लोणचं, ठेचा, कुरडईतलं मीठ मोजलंच नाही. आपले गट हे पदार्थ करून विकतात, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पण चव पाहता पाहता किती पोटात जातं, तेही पाहा.

ज्वारीची भाकर, डाळ, भाजी ताटात जास्त आणि भात कमी ठेवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चतुर्थी, नवरात्राच्या उपवासाआधी डॉक्टरला विचारा. घाम, थरथर, अंधारी आली तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात जुलाब-उलटी झाली तर बीपीच्या गोळीबद्दलही लगेच विचारा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

छातीत दाब, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दम लागणं : लगेच १०८ ला फोन. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर त्याच आठवड्यात तपासा. पायाला जखम होऊन भरत नसेल तर थांबू नका.

गटात काय करायचं

पुढच्या मासिक बैठकीत बचत झाल्यावर दहा मिनिटं वह्यांना द्या. कुणाची गोळी संपली, कुणाची तपासणी राहिली, एवढंच विचारायचं. दुसरीची गोळी मात्र कुणी उसनी घ्यायची नाही. साखर उसनी चालते, शुगरची गोळी नाही. कुणाला दुखणं चारचौघींत सांगायचं नसेल तर तिला बोलायला लावू नका. वही तिची आहे.

आपल्या किती बहिणी दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज घेतात, हे तुमच्या गटाच्या वहीत दिसेलच. मूत्रपिंड गेल्यावरचं कर्ज फेडायला वर्षं जातात. आधी चार आकडे लिहायला महिन्याला दहा मिनिटं लागतात. घरच्या सगळ्यांचं झालं की मग आपलं, असं आपण म्हणतो. या वेळी वहीच्या पहिल्या पानावर आधी आपलं नाव लिहा.