पान्याचं तोंड बघून घ्या

आयटीआय संपलेली पोरं गॅरेजवर येतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. "काका, हा १०८ नगांचा संच घेऊ का?" मोबाइलवर फोटो असतो, पेटी उघडी आणि आत सगळं लखलखत असतं. मी म्हणतो, आधी त्यातले नग मोज. निम्म्याहून जास्त स्क्रू ड्रायव्हरचे इवलेसे बिट असतात, मग एलन की, मग चार आणि साडेचार मिलीमीटरच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, ज्यांना गाडीवर कुठे जागाच नाही. जपानी मुळाच्या मोटरसायकलींची रोजची सर्व्हिसिंग ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्यांत बहुतेक उरकते. जुन्या चेतक स्कूटरला ११ आणि १३ लागायचे. तुझ्यापुढे कुठल्या गाड्या येणार, त्यावर तुझी पेटी ठरते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या जवळ दुचाकी दुरुस्त करतो. महागडी परदेशी हत्यारं या धंद्यात परवडत नाहीत आणि त्यांची गरजही नाही. नाशिकची टापारिया आहे, जालंधर-लुधियानात तर पाने-पकडी बनवणाऱ्यांची वस्तीच आहे. बेताच्या पैशात उत्तम माल मिळतो. त्याच काउंटरवर त्याच किमतीत भंगारही मिळतं, म्हणून पारख हवी.

हत्यार घ्यायला जाताना मी खिशात तीन नवे बोल्ट ठेवतो. डोक्यावर ८.८ कोरलेले, म्हणजे चांगल्या पोलादाचे. माप १०, १२ आणि १४. दुकानदाराला सांगून पान्याचं तोंड बोल्टावर चढवतो आणि डावी-उजवीकडे हलवून बघतो. पाना बोल्टावर सहज बसला पाहिजे, पण डुलता कामा नये. दहाच्या पान्याचा जबडा नेमका १० मिलीमीटर नसतो. बोल्टावर बसायला थोडी फट ठेवावीच लागते, आणि ती किती असावी याचं माप ठरलेलं आहे. फट जास्त झाली की सगळा जोर षटकोनाच्या सपाट बाजूवर न येता कोपऱ्यांवर येतो. कोपरे गोल झाले की मग ड्रिल, छिन्नी, नवे आटे, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं. पन्नास रुपये वाचवलेला पाना एका दुपारात कितीतरी पट खर्च करायला लावतो. फिक्स पान्याचे दोन्ही जबडे समांतर आहेत का, तेही उजेडाकडे धरून बघा. स्वस्त मालात ते टोकाकडे फाकलेले दिसतात.

चकाकीकडे बघू नका. क्रोमचा मुलामा गंज रोखतो, ताकद देत नाही. जाड मुलाम्याखाली खडबडीत लोखंड झाकता येतं, आणि पुढे पापुद्रे सुटले की त्यांच्या कडा बोटं कापतात. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं असतं तेही तेवढ्यावरच धरा. कोरायला यंत्र लागतं, व्हॅनेडियम लागत नाही. पाना घडीव आहे ना, आणि त्याला पाणी नीट दिलंय ना, हे महत्त्वाचं. आमचं गाव ओतकामाचं, ओतीव लोखंडाबद्दल मला आदरच आहे. पण ओतीव पाना हिसक्याला तडकतो. तुटलेला पाना हातात आला की मी त्याचं तुटलेलं तोंड बघतो. चांगल्या पोलादाचं तोंड बारीक रव्याचं, करडं दिसतं. वाईट मालात खडीसाखरेसारखे मोठे चमकते दाणे दिसतात. पाणी कसं दिलंय हे घरी आणल्यावर बारीक कानशीने कळतं. कानस सहज खोल रुतली तर पाना मऊ आहे, तोंड फाकणार. अजिबात न धरता घसरली तर फार कडक, फुटायची भीती. किंचित धरली पाहिजे.

गोट्या घेताना आत बघा. बारा कोपऱ्यांची गोटी कुठल्याही कोनात पटकन बसते, म्हणून नव्या पोरांना आवडते. जाम झालेल्या बोल्टाला मात्र सहा कोपऱ्यांचीच घ्या, ती बाजूंना धरते. रॅचेटच्या दात्यांवरूनही अशीच फसगत होते. २४ दाते म्हणजे पुढचा टक यायला १५ अंश फिरवायचं, ७२ दाते म्हणजे पाचच अंश. अडचणीच्या जागी ७२ बरा, पण स्वस्त रॅचेटमध्ये एवढे बारीक दाते जोराला झिजून घसरतात. कमी पैशात जाड दात्यांचा घ्यावा.

स्टार स्क्रू ड्रायव्हरबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जपानी मुळाच्या गाड्यांवरचा स्टार स्क्रू दिसायला फिलिप्ससारखा असतो, पण त्याची खाच वेगळी असते. त्याच्या डोक्यावर बरेचदा एक छोटा ठिपका दिसतो. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. कार्ब्युरेटरवरचे कितीतरी स्क्रू असे बरबाद झालेले मी रोज बघतो. 'जेआयएस' टोकाचा एक ड्रायव्हर पेटीत हवाच.

पक्कड मिटून बल्बसमोर धरा. कापणाऱ्या धारांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या.

चांगलं हत्यारही चुकीच्या जोराने मरतं, आणि बोल्टाला सोबत नेतं. दहाचं डोकं असलेला बोल्ट सहसा सहा मिलीमीटर जाडीचा. त्याला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. दहाचा पाना साधारण १४ सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे टोकाला सातेक किलोचा जोर. हात सहज देतो तेवढाच. पान्याची लांबी अशी हिशोबाने ठेवलेली असते. त्यावर फूटभर पाइप चढवला की त्याच हाताने दुप्पट पीळ पडतो आणि इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून येतात.

पैसे कमी असतील तर सुटे घ्या. पाकिटावर छापलेली किंमत आणि दुकानदार घेतो ती किंमत यांत मोठं अंतर असतं, त्यामुळे सवलतीचा आकडा विसरा आणि दोन-तीन दुकानं फिरा. आधी ८ ते १७ चे रिंग पाने, मग गोट्या, मग जेआयएस ड्रायव्हर आणि पक्कड. छिन्नी साधी चालते. फक्त ठोकून ठोकून तिचं डोकं फुललं की कडा ग्राइंडरवर उतरवा. तिथून उडालेला कण डोळ्यात जातो. पहिल्या खरेदीत चष्मा घ्यायला लावल्याशिवाय मी पोरांना सोडत नाही.